सूर्ययंत्र आणि पाणी

बदली होऊन मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आलो त्या वर्षी सामानाबरोबर आम्ही घरचा कूलरही आणला होता. परळी-वैजनाथला ऐन वैशाखात ज्या कूलरने आमच्या घराला साक्षात महाबळेश्वर आणून दिले होते, तो गिंडीच्या भाड्याच्या खोलीत मोठ्या विश्वासाने खिडकीत बसविला. दोन दिवसांत भिंतींना ओल आली, अंथरुणे दमट झाली आणि उकाडा मात्र होता त्याहून वाढला. माठाचीही तीच गत. रात्रभर भरून ठेवलेला माठ सकाळी बाहेरून घामेजलेला दिसे. आतले पाणी नळाच्या पाण्याइतकेच कोमट. शेवटी वडिलांना दूरध्वनीवरून ही हकिकत सांगितली. त्यांचे सारे आयुष्य परळीच्या औष्णिक वीजकेंद्रात गेले. ते हसून म्हणाले, "अरे, तिथली हवाच ओली. पाणी वाळल्याशिवाय गार कसं होईल? आमचा कूलिंग टॉवर तिकडं आणलास तर तोही असाच रुसून बसेल."

वडिलांचे ते वाक्य आम्ही त्या वेळी विनोद म्हणून ऐकले. पुढे सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांचा इतिहास वाचण्याचा नाद लागला, तेव्हा त्या वाक्यात या इतिहासाची अर्धी किल्ली असल्याचे ध्यानात आले. सूर्ययंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा आरशांविषयी लिहितात. ऊन कोणी किती गोळा केले, वाफ किती तापविली, याची वर्णने ते रंगून करतात. परंतु चुलीपाशी बसणाऱ्या बाईला जाळाइतकीच धुराड्याची काळजी असते. उष्णता यंत्रात आणणे हा अर्धा भाग झाला. वापरून उरलेली उष्णता कोठे टाकायची, हा दुसरा अर्धा. या दुसऱ्या अर्ध्याची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

वाफेच्या यंत्राच्या जन्मकथेतच ती दडलेली आहे. न्यूकोमनच्या १७१२ मधील यंत्रात प्रत्येक फेऱ्याला त्याच नळकांड्यात थंड पाणी सोडून वाफ विझवीत असत. त्यामुळे नळकांडे दर वेळी गार होई आणि दर वेळी नव्याने तापवावे लागे. १७६५ मध्ये जेम्स वॉटला सुचले ते एवढेच की, वाफ थंड करण्याचे पात्र निराळे असावे. त्या पात्राला आज आपण कंडेन्सर म्हणतो. शाळेच्या पुस्तकांतून वॉटचे नाव किटलीच्या झाकणाशी जोडले गेले. परंतु त्याची खरी करामत यंत्राच्या थंड बाजूची होती. १८२४ मध्ये फ्रान्समधील तरुण अभियंता सादी कार्नो याने या व्यवहाराचा नियम मांडला. उष्णतेपासून काम मिळते ते ती तप्त जागेकडून थंड जागेकडे जाते तेव्हाच. दोहोंमधील अंतर जितके मोठे तितके काम अधिक. डोंगरावर पाणी पुष्कळ असून भागत नाही. जाते फिरायचे तर ते पाणी उतरून जाण्यास खाली दरीही हवी.

हे ध्यानात घेऊन आता मुंबईच्या कुलाब्याकडे वळू. आपल्यासारख्या कचेरीत बसणाऱ्यांना विशेष आपुलकी वाटावी अशी एक व्यक्ती तेथे होऊन गेली. विल्यम ॲडम्स हा मुंबई उच्च न्यायालयाचा डेप्युटी रजिस्ट्रार. दावे, अर्ज, मुद्रांक आणि तारखा यांच्या राशीत दिवस घालविणारा हा इंग्रज गृहस्थ संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी आरसे मांडून बसे. मुंबईला दगडी कोळसा सातासमुद्रांपलीकडून येई, लाकूडफाटा महाग होई, आणि डोक्यावर तर बारा महिने सूर्य तळपत असे. ही विसंगती त्याला सलत होती. फ्रान्समध्ये ऑगुस्तँ मुशो याने शंकूच्या आकाराच्या रुपेरी आरशाने पाणी उकळून छोटी यंत्रे चालविल्याचे त्याने वाचले होते. परंतु धातूवरचा रुपेरी मुलामा लवकर काळवंडतो आणि एका आरशाचा आकार वाटेल तेवढा वाढविता येत नाही, हे दोन दोष त्याने अचूक हेरले.

ॲडम्सने काढलेली तोड अगदी साधी होती. एक मोठा वक्र आरसा घडविण्याऐवजी काचेचे लहान सपाट आरसे पुष्कळ घ्यावेत, ते अर्धवर्तुळाकार चौकटीवर बसवावेत आणि सर्वांचे कवडसे एकाच ठिकाणी ठेवलेल्या बॉयलरवर पाडावेत. सतरा इंच लांब आणि दहा इंच रुंद अशा ७२ आरशांनी त्याने सुमारे १,२०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साडेसहाशे अंश सेल्सियसच्या आसपास, उष्णता मिळविल्याची नोंद आहे. सूर्य सरके तसतशी चौकट फिरविण्यास एक माणूस ठेवलेला असे. मिडल कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने या उष्णतेवर अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालविला आणि तो पाहण्यासाठी लोकांना व वृत्तपत्रांच्या बातमीदारांना बोलाविले. सुमारे पंधरा दिवस हा प्रयोग चालू होता. आरशांचे शेत आणि मध्यभागी बॉयलर ही जी रचना आज जगभर 'सौर मनोरा' या नावाने ओळखली जाते, तिचे मूळ मुंबईच्या त्या आवारात आहे, असे या विषयाचे इतिहासकार मानतात.

ॲडम्सने अन्न शिजविण्याची एक अष्टकोनी सौर चूलही केली होती. जानेवारीसारख्या मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड महिन्यात सात सैनिकांचा शिधा तिने दोन तासांत शिजविल्याचे त्याने लिहिले आहे. या सर्व प्रयोगांवर त्याने लिहिलेल्या निबंधाला मुंबईच्या ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदक मिळाले, आणि १८७८ मध्ये तो मुंबईतच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधातील देशांना जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असे त्याच्या शीर्षकातच त्याने बजावले होते. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मुशोने सूर्याच्या उष्णतेवर बर्फ तयार करून दाखविला.

कुलाबा ही चिंचोळी भूजिव्हा. दोन्ही अंगांना समुद्र. ॲडम्सला उन्हाची जशी वाण नव्हती तशी पाण्याचीही नव्हती. त्याच काळी गिरणगावात गिरण्या उभ्या राहत होत्या, आणि कंडेन्सरसाठी गिरण्यांच्या आवारांत तळी राखावी लागत. धुराड्याइतकेच तळेही गिरणीला आवश्यक होते. धुराडी मुंबईकरांच्या कवितेत आणि चित्रांत आली. तळ्यांकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

ॲडम्सनंतर पस्तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, अमेरिकन अभियंता फ्रँक शूमन याने इजिप्तमध्ये कैरोजवळ मादी येथे पहिले मोठे सूर्ययंत्र उभारले. पन्हळीच्या आकाराच्या आरशांच्या पाच रांगा होत्या; प्रत्येक रांग दोनशे फुटांहून थोडी लांब. त्यांवर चालणारा पंप मिनिटाला सुमारे सहा हजार गॅलन पाणी शेतांकडे उपसून टाकीत असे. शूमनची वाफ कमी दाबाची होती, आणि अशी वाफ कंडेन्सरवाचून जवळजवळ निरुपयोगी असते. ही जागा वाळवंटाच्या देशातली असली तरी नाईल नदीच्या काठची होती, हे विसरता कामा नये. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, यंत्रावरची माणसे पांगली, १९१८ मध्ये शूमनही वारला. आणि पाठोपाठ खनिज तेल स्वस्त होत गेल्याने जगाला सूर्याची आठवण राहिली नाही.

ती आठवण पुन्हा झाली १९७३ च्या तेलसंकटानंतर; आणि येथेच आमच्या गिंडीचा या इतिहासात प्रवेश होतो. गिंडी हे स्थळ तंत्रविद्येला जुने परिचित आहे. १७९४ मध्ये मोजणीशाळा म्हणून सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९२० मध्ये येथे आले. शेजारीच, गिंडीच्या रानाचा एक भाग घेऊन, पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ मध्ये भारतीय तंत्रविज्ञान संस्था निघाली. आजही तेथे वडाच्या पारंब्यांखाली चितळे निर्धास्त चरताना दिसतात. या संस्थेत सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस भारत-जर्मन सहकार्यातून दहा किलोवॉटचे एक सौर औष्णिक वीजयंत्र उभारण्यात आले. आपल्या देशातील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या यंत्रांत त्याची गणना होते. घरांच्या गच्चीवर पाणी तापविण्यासाठी असतात तसल्या सपाट पेट्यांतून पाणी तापवायचे, त्या पाण्याने कमी उष्णतेवर उकळणारा एक द्रव उकळायचा आणि त्याच्या वाफेवर यंत्र फिरवायचे, अशी त्याची योजना होती.

दहा किलोवॉट म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम इमारतीच्या गच्चीवरील सौर तावदानांची शक्ती. आकार पाहून कोणी नाक मुरडील. परंतु गिंडीच्या हवेत असे यंत्र चालविणे म्हणजे कार्नोच्या नियमाची कसून परीक्षा घेणे होते. थोडे गणित करून पाहू. तापलेले पाणी ९० अंशांचे आणि थंड बाजू ३० अंशांची असेल, तर नियमाप्रमाणे शंभर भाग उष्णतेतून अधिकात अधिक साडेसोळा भाग काम मिळू शकते. प्रत्यक्षात त्याहूनही पुष्कळ कमी. आता थंड बाजू दहाच अंशांनी वाढून ४० वर गेली, तर साडेसोळाचे पावणेचौदा होतात. म्हणजे एकंदर उत्पन्नाचा सहावा हिस्सा बुडाला. उलट, कोळशावरील केंद्रात वाफ ५४० अंशांपर्यंत तापविलेली असते. तेथे थंड बाजू तितकीच बिघडली तर पन्नासावा हिस्सा जातो. मोठ्या पगारदाराला दहा रुपयांचे नुकसान जाणवत नाही, रोजंदारीवरच्याला त्याच दहा रुपयांसाठी रात्री उपाशी निजावे लागते. तसाच हा प्रकार आहे. सौम्य उष्णतेवर चालणारे सूर्ययंत्र हे यंत्रांतले रोजंदार होय. त्याचे सारे भवितव्य थंड बाजूवर अवलंबून.

आणि थंड बाजूच्या बाबतीत निसर्गाने आपल्या देशाशी मोठा अवघड व्यवहार केला आहे. कूलिंग टॉवर हा मूलतः एक अवाढव्य माठ आहे. पाण्याचा काही अंश वाळतो आणि वाळताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. माठ चांगला गार होण्यास हवा कोरडी हवी. ती कोरडी हवा मराठवाड्यात आहे, विदर्भात आहे, राजस्थानात आहे. तेथे माठात ओतायला पाणी नाही. चेन्नईला, मुंबईला पाणी अथांग आहे, पण ते खारे, आणि हवा अशी ओली की माठ रुसतो. म्हणून किनाऱ्यावरची केंद्रे माठाच्या वाटेला सहसा न जाता समुद्राचेच पाणी कंडेन्सरमधून खेळवितात. मुंबईजवळ ट्रॉम्बेला १९५६ पासून हे चालत आले आहे. येथून दक्षिणेस कल्पाक्कमचे अणुवीजकेंद्रही समुद्रावरच विसंबून असते. ऊन मात्र सर्वांत प्रखर आणि निरभ्र असते ते समुद्रापासून दूर, जेथे पाण्याचा दुष्काळ.

सूर्याच्या उष्णतेपासून वीज करण्याचा मोठा प्रयत्न आपल्या देशात २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाबरोबर झाला. त्या वर्षाच्या अखेरीस सात प्रकल्पांना मिळून ४७० मेगावॉट मंजूर झाले. त्यांतील थोडेच तडीस गेले. जैसलमेर जिल्ह्यात नोख येथे २०१३ मध्ये ५० मेगावॉटचे आणि धुरसर येथे २०१४ मध्ये १२५ मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. शूमनच्या पन्हळी आणि ॲडम्सचे सपाट आरसे, दोन्हींचे वंशज या वाळवंटात भेटले. पन्हळीच्या आरशांच्या केंद्रात पाण्याने गारवा आणायचा तर दर युनिटमागे सुमारे तीन लिटर पाणी लागते. वाळवंटात हे पाणी कालव्याने शेकडो मैल दुरून यायचे, आणि त्यावर शेतकऱ्याचा व तहानेल्या गावांचा पहिला हक्क.

हा हक्काचा प्रश्न पुस्तकी नाही, हे आम्ही आमच्या गावात पाहिले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी पूर्णपणे बंद पडले. २०१५ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, तीच पाळी पुन्हा आली. कोळसा होता, यंत्रे धडधाकट होती, माणसे कामावर होती. परंतु गोदावरीच्या खडका बंधाऱ्यात पाणी नव्हते. लहानपणापासून ज्या मनोऱ्यांवरची पांढरी वाफ पाहून आम्ही वाऱ्याची दिशा ओळखीत असू, ते मनोरे कोरडे उभे होते. वडील रोज संध्याकाळी गच्चीवर जात, मनोऱ्यांकडे पाहत आणि काही न बोलता खाली येत. आईने एकदा विचारले, "वीज नाही तर नाही, पण प्यायला तरी उरेल ना?" त्या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नव्हते.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी सुरू झाली. ती पन्नास वाघिणींची झाली तेव्हा एका खेपेला २५ लाख लिटर पाणी आणी. तीन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, जोलारपेट्टैहून चेन्नईला अशीच गाडी आली. तिच्याही वाघिणी पन्नास आणि पाणीही २५ लाख लिटर. आता हिशेब पाहा. कोळशावरील नव्या केंद्राने दर युनिटमागे अडीच लिटर पाणी वापरले असे धरू. जुन्या केंद्रांना तर २०१५ च्या सरकारी नियमाने साडेतीन लिटरपर्यंत मुभा दिली होती. २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण शक्तीने चालला तर तासाला सव्वासहा लाख लिटर पाणी लागेल. ज्या गाडीची लातूरकर आणि चेन्नईकर डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत, ती सबंध गाडी असा एक संच चार तासांत पिऊन टाकील. दोन्ही गाड्यांच्या काळी आमची मुळे एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात होते. म्हणून हा हिशेब आम्ही वहीत दोनदा करून पाहिला.

मग उपाय कोणता? इतिहासाने तीन दाखविले आहेत. पहिला, टाकाऊ पाण्याचा. नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथे शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची योजना महाराष्ट्रात प्रत्यक्षात आली आहे. दुसरा, पाण्याऐवजी वाऱ्याने गारवा आणण्याचा. यात वाफ पंख्यांच्या झोतात ठेवलेल्या नळ्यांतून खेळवितात. गारव्याच्या पाण्यापैकी सुमारे नऊ दशांश वाचते. झारखंडातील उत्तर कर्णपुरा येथील केंद्र अशा पद्धतीचे असून त्याचा पहिला संच २०२३ मध्ये रीतसर चालू झाला. परंतु पंखे वीज खातात, सामग्री महाग पडते, आणि ज्या दुपारी विजेची मागणी सर्वांत जास्त त्याच दुपारी वारा तापलेला असतो. रोजंदाराचे पोट पुन्हा तेथेच मारले जाते.

तिसरा उपाय असा की, थंड बाजूची गरजच पडू देऊ नये. प्रकाशापासून सरळ वीज करणारी तावदाने हेच करतात. त्यांत वाफ नाही, कंडेन्सर नाही, धूळ धुण्यापुरते पाणी लागते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यांची किंमत इतकी उतरली की उष्णतेच्या केंद्रांची वाटचाल आपल्याकडे जवळजवळ थांबली. हा निकाल मुख्यतः किमतीने लावला, पाण्याने नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तापवून साठविलेली उष्णता सूर्यास्तानंतरही कामी येते हा उष्णतेच्या केंद्रांचा गुण अजून कायम आहे. परंतु ती पुन्हा कधी उभी राहतील तेव्हा पाण्याचा प्रश्न दाराशी उभाच असेल.

उष्णतेचा उपयोग उष्णता म्हणूनच केला, तर तो प्रश्न मुळी उद्भवत नाही. लातूरच्या दुग्धालयात मुंबईच्या तंत्रविज्ञान संस्थेच्या सहकार्याने 'अरुण' नावाचा १६० चौरस मीटरचा सौर आरसा बसविला गेला तो दूध तापविण्यासाठी. शिर्डीला २००९ पासून साईसंस्थानाच्या प्रसादालयात ७३ आरशांच्या वाफेवर भक्तांचे अन्न शिजू लागले. येथे उष्णता दुधात आणि भातात जाते. फेकायला फारसे काही उरत नाही. ॲडम्सच्या दोन प्रयोगांपैकी पंप जगाने नावाजला. पण सात सैनिकांचा शिधा शिजविणारी त्याची चूल आपल्या कोरड्या मुलखाला अधिक मानवणारी होती, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

आपल्यापैकी पुष्कळांना दर चार-पाच वर्षांनी नवे गाव पाहावे लागते. नव्या गावी गेल्यावर आपण घरभाडे, शाळा आणि भाजीबाजार यांची चौकशी करतो. यापुढे आणखी एक चौकशी करावी, अशी विनंती आहे. आपल्या दिव्याची वीज कोठून येते, आणि ती करताना कोणाचे पाणी वाफ होऊन जाते? न्यायालयाच्या कामातून सवड काढून एका डेप्युटी रजिस्ट्रारने उन्हाची चौकशी केली. आपण निदान पाण्याची करावी.

असो. आमचा कूलर पहिल्याच दिवाळीत परळीला परत गेला. वडील आता उन्हाळ्यात तोच लावतात; मात्र त्यात पाणी घालण्यापूर्वी टाकीत किती आहे, हे आई आधी पाहून येते.